मी ओरडलेच नव्हते

मी बेअरिंग बोलतेय. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातली. खरं तर आता चाकातली नाही, माझी नुसती बाहेरची कडी उरलीय. पण नोकरी सुटली म्हणून मास्तरांना कुणी मास्तर म्हणायचं सोडतं का? तसंच हे. मी रडगाणं गाणार नाही. रडायची, कण्हायची सवय मला आधीही नव्हती. पण कुणी काय केलं ते मात्र सांगणार, आणि साखरेत घोळवून सांगणार नाही.

जन्म माझा कारखान्यातला. तापवलं, ठोकलं, घासून घासून आरशासारखं केलं. पोटात गोळ्या घातल्या, गोळ्यांना ग्रीसचं अंथरूण घातलं, दोन्ही बाजूंनी रबराची झाकणं लावली आणि सांगितलं, आता फिर. बस्स, एवढाच उपदेश. तुम्ही पोरांना जन्मभर उपदेश करता आणि तरी ती नीट फिरत नाहीत. मी फिरले. चाक फिरवायचं, गाडीचं वजन पेलायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, हे माझं काम.

ज्यानं मला चाकात बसवलं त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. गाडीही त्याचीच, कुण्या गिऱ्हाइकानं कंटाळून विकलेली आणि यानं खिळा न् खिळा उघडून पुन्हा उभी केलेली. मला आणि उजव्या चाकातल्या बेअरिंगला त्यानं एकाच दिवशी बसवलं. आम्ही दोघी जावा-जावा म्हणा ना. एकाच घरात दिलेल्या, दोघींना एकच काम, आणि एकमेकींचं तोंड बघायची सोय नाही, कारण मध्ये इंजिन बसलेलं.

बसवून झाल्यावर मिस्त्रीनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्यापाशी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि चाक फिरवलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "झोपलीय." बेअरिंगची याहून मोठी स्तुती नाही हो. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

त्याच्या कानाची ख्याती होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हा आतून ओरडून सांगायचा, पट्टा सैल आहे, नाहीतर सायलेन्सरला भोक आहे. लोक पैजा लावायचे आणि हरायचे. पण कलावंत माणूस घरच्यांना किती छळतो ते बाहेर कुणाला दिसतं? त्याचा एकुलता एक मुलगा शाळेतून आला की त्याला गाडीपाशी उभा करायचा. "सांग, आवाज कुठल्या बाजूनं येतोय?" उत्तर चुकलं की हातातला पाना डोक्यात. हलकाच मारायचा, पण लोखंड ते लोखंड. तेही गिऱ्हाइकांसमोर. वर म्हणायचा, "याला देवानं कान नुसते चष्मा अडकवायला दिलेत." गिऱ्हाइकं हसायची. हे सगळं मिस्त्री पुढे गाडीत बसून मोठ्या चवीनं सांगायचा, म्हणून मला माहीत. मुलगा मागच्या सीटवर असला तरी सांगायचा. मुलानं गॅरेजकडे पाठ फिरवली आणि ऑफिसात पंख्याखाली जाऊन बसला, त्यात नवल ते काय!

मिस्त्रीची बायको माझ्या डोक्यावरच्या सीटवर बसायची. चालवणारा उजवीकडे, ती डावीकडे. तिचा भार माझ्यावर, आणि तिच्या तोंडाचा पट्टाही मीच ऐकायची. दार लावल्यापासून उतरेपर्यंत बाई बोलायची. शेजारणीचं, दुधवाल्याचं, तुमच्या शर्टाला ग्रीसचा डाग परत कसा पडला त्याचं. मिस्त्री हूं म्हणायचा नाही की चूं म्हणायचा नाही, पण ती गप्प झाली की विचारायचा, "मग? पुढं काय झालं?"

एका सकाळी बाई अंथरुणातून उठलीच नाही. अर्धं अंग गेलं, उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यातून आल्यावर मुलगा आणि मुलगी यांनी बसून ठरवलं. मुलीचं घर तळमजल्यावर, म्हणून आई मुलीकडे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाप मुलाकडे. भांडी वाटून घेतात ना, तसे आईबाप वाटून घेतले. ज्यांचा संसार त्यांना कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून मिस्त्री आठवड्यातून दोनदा गाडी काढायचा. मुलीच्या घराच्या पायरीला अगदी डावं चाक टेकवून लावायचा. मुलगी आईला खुर्चीतून बाहेर आणायची. मग मिस्त्री पायरीवर बसून आपला अंगठा बायकोच्या डाव्या मुठीत द्यायचा आणि ती तो धरायची. बस्स. तिला बोलता येत नव्हतं, आणि याचे कान तोवर गेले होते. हो, त्याच मिस्त्रीचे. आयुष्यभर ग्राइंडर आणि हातोडे कानाशी वाजवले, उजवा कान ठार गेला आणि डावा अर्धामुर्धा राहिला. फोन कुणी कुणाला करायचा सांगा? ती मूठ आणि तो अंगठा, एवढंच त्यांचं बोलणं उरलं होतं, आणि त्यासाठी गाडीची किल्ली मिस्त्रीच्या खिशात असणं भाग होतं.

कान गेल्याचं तो कबूल करत नव्हता. हसणाऱ्यांबरोबर हसायचा, प्रश्न विचारला की मान डोलवायचा. पण गाडी चालवताना मान डोलवून भागत नाही. एकदा एक सायकलवाला घंटी वाजवत उजवीकडून आला आणि यानं गाडी त्याच्यावरच घातली असती. मी खोटं कशाला बोलू? सायकलवाला वाचला तो स्वतःच्या चपळाईनं. ती गोष्ट मुलाच्या कानावर गेली. किल्ली काढून घ्यायला हवी, असं त्याला वाटलं ते चूक नव्हतं. कशी काढून घ्यावी, तेवढं मात्र तो बापाकडूनच शिकला.

त्याच सुमारास माझी जाऊ कण्हायला लागली. कुठल्यातरी खड्ड्यात तिच्या झाकणाला चीर गेली, पाणी शिरलं, ग्रीस वाहून गेलं. घूंऽऽ घूंऽऽ असा आवाज, गाडीनं वेग घेतला की वाढणारा. आधी सूनबाईनं म्हटलं, विमानात बसल्यासारखं वाटतंय. मी? मी झोपलेली. माझी एक गोळी इकडची तिकडं झाली नव्हती.

मुलगा आणि सूनबाई बाजारात निघाले होते. मोकळा रस्ता बघून मुलानं गाडी जराशी डावीकडे वळवली. जाऊबाई किंचाळली, कारण डावीकडे वळलं की भार उजव्या चाकावर जातो. मग उजवीकडे वळवली, तर सगळं शांत. "उजवी गेलीय," तो म्हणाला.

"मग बाबांना सांगा ना," सूनबाई म्हणाली.

"मी नाही सांगणार. तेच सांगतील मला. कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं माहितीये? उजवा कान पूर्ण बंद आहे, त्यामुळे त्यांना प्रत्येक आवाज डावीकडूनच आल्यासारखा वाटणार. ते डावी म्हणणार. लिहून देतो."

"आणि म्हणाले डावी, तर?"

"तर उघडू दे डावी. सगळ्यांसमोर."

सूनबाई एवढंच म्हणाली, "अहो, म्हातारे आहेत ते." मुलानं रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी मुलानं बापाला गाडीत बसवलं आणि स्वतः चालवायला बसला. अंगणात शेजारचा पेन्शनर वर्तमानपत्र घेऊन उभा होता, त्याच्यादेखत मुलानं मोठ्या आवाजात सांगितलं, "बाबा, सरळ ठरवून टाकू. चाकाचा आवाज येतोय. कुठल्या बाजूचा ते कानानं सांगा. बरोबर निघालं तर किल्ली तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. चुकलं तर किल्ली माझी."

"आणि तुझ्या आईकडं मला कोण नेणार?"

"मी नेईन. दर रविवारी. शब्द आहे."

पेन्शनर म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या कानाशी पैज? पोरगं वेडं आहे तुमचं." मिस्त्रीची छाती फुगली. आता काय, घोडा रिंगणात उतरला.

रस्त्याला लागल्यावर मिस्त्री म्हणाला, "जरा डावी-उजवीकडं झुलव गाडी." मुलगा म्हणाला, "रहदारी आहे बाबा, सरळच घेतो." रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मिस्त्रीनं डोळे मिटले. जे काही पुसट त्याच्या कानात शिरत होतं ते डाव्या बाजूनंच शिरत होतं. तो माझ्याच डोक्यावर बसून म्हणाला, "डावी. शंभर टक्के डावी."

"नक्की ना?"

"अरे, तुझ्या वयाइतकी वर्षं बेअरिंगा ऐकतोय मी."

अशी माझी शिक्षा झाली. साक्षीदार नाही, पुरावा नाही. ओरडत होती दुसरीच, आणि फाशी मला.

मुलानं बेअरिंग आणली. एकच. मिस्त्रीच्या सांगण्यावरून ती पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली, गार होऊन अंगानं किंचित आखडली की घट्ट जागेत सोपी जाते म्हणून. सूनबाई कुरकुरली, "मटारात लोखंड? उद्या पानेही उकडायला घालाल." गॅरेज तर कधीच विकलं होतं. दाबून बसवायचं मशीन नाही, गाडीखाली उतरायचा खड्डा नाही. अंगणात फरशीवर जुनं कांबळं पसरलं, कपड्यांची दोरी बाजूला सारली आणि मिस्त्री कितीतरी महिन्यांनी कामाला बसला. त्याचा चेहरा काय उजळला होता म्हणून सांगू! पेन्शनर चहाचा कप घेऊन कुंपणापाशी आला. सूनबाई ओट्यावर बसली. मुलगा बॅटरी धरून उभा.

चाक उचललं. आता ऐका, इथंच सगळं ठरलं. मिस्त्रीनं सवयीनं एका हातानं चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं वरच्या स्प्रिंगवर ठेवली. बेअरिंग खराब असली की स्प्रिंग बोटांना थरथर सांगते. त्यात कानाचं काम नाही. त्याच्या बोटांना काहीच लागलं नाही. लागणार कुठून? मी झोपले होते. त्यानं चाक पुन्हा फिरवलं, जोरात. बोटं तशीच. मग हात खाली आला.

त्याला कळलं. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्याला सगळं कळलं. आपली चूक झाली हेही कळलं आणि आपला कान संपला हेही.

"काय बाबा?" मुलगा म्हणाला. "काय म्हणतेय?"

मिस्त्रीनं घसा साफ केला. "जोडीनं बदलाव्यात खरं तर. एक नवी, एक जुनी बरी नाही. दुसरीपण आण. आधी उजवी करू."

"एकच आणलीय. तुम्ही एकच बाजू सांगितलीत."

"दुकान उघडं असेल अजून."

"असेल. पण डावी गेलीय की नाही, तेवढं सांगा ना."

पेन्शनरनं चहाचा घोट तोंडातच धरून ठेवला. मिस्त्रीनं एकदा बायकोच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं. मग म्हणाला, "गेलीय म्हणजे? पार गेलीय. हात लावून बघ, कशी थरथरतेय."

मुलगा वाकला. त्यानं स्प्रिंगवर बोटं ठेवली, चाक फिरवलं. "हो की," तो म्हणाला. "भलतीच थरथरतेय."

दोघंही माझ्या अंगावर हात ठेवून खोटं बोलले. फरक एवढाच, की मुलाला बापाचं खोटं माहीत होतं आणि बापाला मुलाचं नाही. मिस्त्रीला वाटलं, पोरगं अजून तसंच आहे, याला बोटांनीही काही कळत नाही. आपण सुटलो. आयुष्यभर ज्याला गाढव म्हटलं तो गाढवच असणार, या भरवशावर त्यानं हातोडा उचलला.

काम मात्र त्यानं असं केलं की शत्रूनंही वाहवा करावी. गाडी जमिनीवर असतानाच त्यानं मधला मोठा नट सैल करून ठेवला होता. ब्रेकचा भाग सोडवला तर तो नळीवर लोंबकळू दिला नाही, तारेनं वर बांधला. चाकामागचं सगळं लोखंड उतरवून कांबळ्यावर घेतलं. मग माझ्यामधून हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, ठोकून काढला. माझी आतली कडी हबला चिकटून उपटली गेली, पोट फाटलं आणि गोळ्या अंगणभर घरंगळल्या. काही मोरीत गेल्या. त्या गोळ्यांवर एक चरा नव्हता. ग्रीस अजून पिवळं, ताजं होतं. मिस्त्रीनं ते बोटावर घेतलं, पाहिलं आणि पटकन फडक्याला पुसलं.

"बघू दे ना, किती झिजलीय," कुंपणावरून पेन्शनर म्हणाला.

"घाण आहे सगळी. काय बघायचंय?" मिस्त्री म्हणाला. मुलगा तोंड फिरवून हसला.

आतली कडी छिन्नीनं तोडली. बाहेरची, म्हणजे ही मी, चारी बाजूंनी ठोकत ठोकत जागेवरून काढली. मला वाटलं, झालं, आता सुटका. कसली सुटका! घरी मशीन नसलं की नवी बेअरिंग कशी बसवतात माहितीये? जुनीची कडी नवीच्या डोक्यावर ठेवतात आणि जुनीवर हातोडा मारतात. घाव जुनीला, गादी नवीला. मला ग्राइंडरनं कडेनं थोडं खरवडलं, म्हणजे मी पुन्हा आत अडकून बसायची नाही, आणि माझ्याच टाळक्यात घण घालून माझी सवत माझ्या घरात बसवली. ती बर्फातून आलेली, थंडगार. मला म्हणाली, "सरक."

सगळं जोडून झाल्यावर मिस्त्रीनं हात धुतले, स्वच्छ शर्ट घातला, केस विंचरले. ठरलं होतं की चाचणी म्हणून गाडी सरळ मुलीच्याच घरी न्यायची. मुलीला फोन गेला, आईला बाहेर आणून बसव. मिस्त्रीनं मला कापडात गुंडाळून पायाशी ठेवलं. त्याला मी अंगणात कुणाच्या हाती लागायला नको होते. मुलगा चालवायला, मिस्त्री त्याच्या शेजारी, सूनबाई मागं.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि माझी जाऊ सुरू झाली. घूंऽऽ घूंऽऽ. आज तर जास्तच. काचा थरथरत होत्या. मिस्त्री समोर बघत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, आणि आवाज असणार हे त्याला माहीत होतं. गुडघ्यावर त्याचे हात घट्ट आवळलेले होते.

मुलगा मोठ्यानं म्हणाला, "वा, बाबा! एकदम शांत! गेला की आवाज!"

मिस्त्रीनं मान वळवून त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "गेला?"

"गेला म्हणजे काय! मानलं तुम्हाला."

माणसाला हवं ते कुणी सांगितलं की स्वतःच्या बोटांवरचा विश्वास उडायला वेळ लागत नाही. मिस्त्रीचे हात सैल झाले. तो हसला. लहान पोरासारखा हसला हो. "मग? सांगितलं नव्हतं मी? डावी म्हणजे डावी. अरे, कान लागतात त्याला." आणि वर म्हणाला, "आता तुझ्या आईला पुढच्या आठवड्यात चक्कर मारून आणू. या सीटवर बसवू. हळू चालवीन मी."

"अहो, पुरे करा!" सूनबाई मागून ओरडली. "पुरे झालं. माझ्यानं बघवत नाही."

मुलानं गाडी कडेला घेतली. वळून बापाच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द तोडून म्हणाला, "बाबा, आवाज तसाच आहे. उजवीचा आहे. पहिल्या दिवसापासून उजवीचाच आहे. मला माहीत होतं."

मिस्त्रीला हे मात्र नीट ऐकू आलं. तो आधी मुलाकडं बघत राहिला, मग सूनबाईकडं. सूनबाईनं मान खाली घातली. मग त्यानं हळूच विचारलं, "मग मघाशी गेला का म्हणालास?"

मुलाला वाटलं होतं त्यापेक्षा जिंकणं लवकर संपलं असावं. त्यानं गाडी वळवली.

"इकडं कुठं?" मिस्त्री दचकला. "ती बाहेर बसलीय."

"या बेअरिंगवर एवढं लांब नको. चाक निखळायचं. तुम्हीच म्हणायचात ना, असं चाक म्हणजे मरणाशी गाठ."

हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. मुलीचा फोन आला. सूनबाईनं सांगितलं, आज जमत नाही, आईंना आत घ्या. घरी आल्यावर मिस्त्रीनं खिशातली आपली दुसरी किल्लीही काढून मुलाच्या हातात दिली आणि मला घेऊन आपल्या खोलीत गेला.

जाऊबाईला नंतर वर्कशॉपमध्ये मशीनवर अलगद काढलं. तिचं नशीब.

दर रविवारचा शब्द एकदाच पाळला गेला. ते मला अंगणात फोनवर झालेल्या भांडणातून कळलं. मुलगा बापाला घेऊन गेला, पण गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही. अंगठा मुठीत जाऊन जरा वेळ झाला नाही तोच हॉर्न वाजवला. मिस्त्रीला तो ऐकू आला नाही, म्हणून उतरून खांदा धरून ओढला. मुठीतून अंगठा सोडवायला जोर लावावा लागला. बहीण चिडली, भाऊ चिडला, उणीदुणी निघाली, आणि त्यानं तिच्या दाराची पायरी चढायचं सोडलं. बहिणीकडं गाडी नाही, आईला सोडून निघता येत नाही. मिस्त्री एकदा एकटाच बसनं निघाला. स्टॉपचं नाव ऐकू आलं नाही, शेवटच्या थांब्यावर रडवेला सापडला. तेव्हापासून फाटकाला कुलूप असतं.

मिस्त्री खोलीत बसून मला घासत राहिला. आधी रॉकेलनं धुतलं, मग बारीक पॉलिश पेपरनं, मग तेलाच्या फडक्यानं. छिन्नीचे घाव, हातोड्याचे वळ, सगळं त्यानं निगुतीनं काढलं. पूर्वी तो जुन्या कड्या घरी न्यायचा तेव्हा बायको त्यांवर गरम पातेली ठेवायची, उडणाऱ्या कागदांवर ठेवायची. कडी हातात आली की ती ओळखेल, असं त्याच्या मनानं घेतलं. मुलीनं तिला मुठीत धरायला रबरी चेंडू दिला होता, तो ती टाकून द्यायची. मिस्त्रीनं माझी आतली कड इतकी गुळगुळीत केली की आजारी बाईची बोटंही दुखू नयेत. मग एका सकाळी ऑफिसला निघालेल्या मुलाला गाडीपाशी गाठलं.

"मला नेऊ नकोस. तुला वेळ नसतो. पण हे तिच्या डाव्या हातात दे. तिला कळेल."

मुलानं मला घेतलं. मला वाटतं, त्या घडीला त्याच्या मनात खरंच द्यायचं होतं. "संध्याकाळी जाताना देतो," म्हणाला आणि मला डाव्या दाराच्या खालच्या कप्प्यात टाकलं.

मी तिथंच आहे. जुन्या पावत्या, तुटका कंगवा, औषधाच्या गोळ्यांचा चांदीचा कागद आणि मी. ज्या सीटखाली मी जन्म काढला तिच्याच शेजारी. मुलगा ऑफिसला जातो आणि ऑफिसातून घरी येतो. मध्ये एकदा बहिणीचा फोन आला, गाडीभर आवाज घुमला. "आईची मूठ सारखी हवेत उघडते-मिटते रे. बाबांना एकदा आण. पाया पडते तुझ्या." तो म्हणाला, "बघतो." मग त्यानं आवाज कमी केला.

तुम्ही कधी या गाडीत डावीकडे बसलात तर दाराच्या कप्प्यात हात घाला. दुसरं काही मागत नाही मी. मला उचला आणि गावाच्या त्या टोकाला नेऊन द्या. तळमजल्याचं घर आहे, पायरी बुटकी आहे. बाई बाहेर खुर्चीत बसलेली असेल. नाव सांगायची गरज नाही, नुसतं हातात द्या. पण लवकर जा. माणसं लोखंडाइतकी टिकत नाहीत.

कारण इथं रोज संध्याकाळी काय होतं ते मला आता सहन होत नाही. गाडी फाटकात आली की मिस्त्री डाव्या खिडकीशी येतो. उघड्या काचेवर बोटं टेकवतो आणि आत वाकतो. त्याची बोटं माझ्यापासून वीतभर असतात. तीच बोटं, ज्यांना सगळं कळतं.

"गेला होतास? धरते का रे ती?" तो विचारतो.

मुलगा त्याला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं सांगतो, "धरते ना! सोडतच नाही!" आणि मूठ घट्ट आवळून दाखवतो.

मिस्त्रीही आपली मूठ आवळतो, मान डोलवतो, आणि समाधानानं घरात जेवायला जातो.